दुसऱ्याचा धर्म, त्याच्याच शब्दांत

नववीच्या वर्गात विचारले, "ख्रिस्ती लोक किती देव मानतात?" बहुतेक मुले म्हणाली, "तीन!" लहानपणी मीही हेच ऐकले होते. ख्रिस्ती माणूस मात्र सांगेल, देव एकच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्याचे त्रैक्य. आपल्या तौहीदला, म्हणजे निखळ एकेश्वरवादाला, हे मान्य नाही. हा फरक झाकायचे कारण नाही. पण नाकारण्याआधी समोरचा नेमके काय मानतो, ते तरी कळायला हवे. आपल्या दीनविषयी कुणी ऐकीव बोलले की आपल्याला किती लागते!

नीतीत तर अंतर आणखी कमी होते. लूकच्या शुभवर्तमानात हजरत ईसांनी सांगितलेली गोष्ट आहे. रस्त्यावर पडलेल्या जखमीला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. परका मानलेला शोमरोनी थांबतो, मलमपट्टी करतो. शेजारी कोण, याचे हे उत्तर. शेजाऱ्याचा हक्क आपल्या हदीसमध्येही आहेच.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मराठीतच आहे. सूरह मरियम वाचणाऱ्या मुलाने तेही वाचले, तर त्याचे ईमान डळमळणार नाही. उत्तर मात्र सुधारेल.