पडद्यावर वाचावे की कागदावर?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. गावातील एक परिचित गृहस्थ आपल्या १९ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो, सुटीत घरी आला होता. संध्याकाळ झाली की कपाळ दुखते, डोळे चुरचुरतात आणि रात्री लवकर झोप लागत नाही, अशी तक्रार होती.

"डॉक्टर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलमध्ये डोके घालून बसतो. तुम्हीच सांगा याला," वडील म्हणाले.

"काय रे, काय पाहत असतोस एवढे?" मी विचारले.

"पाहत नाही काका, वाचतो. आमच्या खेळाचे पुस्तक आहे."

वाचकहो, हा खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातील पात्रे होतात. तलवारीचा वार लागला की चुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. खेळ तोंडी असला तरी त्याचे नियम मात्र लांबलचक आहेत. २०२४ साली निघालेले खेळाडूंचे मुख्य पुस्तकच ३८४ पानांचे आहे. मूळ नियमांचा सुमारे ४०० पानांचा एक संच जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने खुल्या परवान्याखाली दिला. तो कोणीही फुकट उतरवून घ्यावा, छापावा, वाटावा. आमचा रुग्ण हाच संच मोबाइलवर वाचत होता.

मी घाईत होतो. बाहेर रांग होती. "मोबाइलवर वाचणे बंद. कागदावर छापून घे आणि वाच," एवढे सांगून मी त्याला वाटेला लावले.

पंधरा दिवसांनी मुलगा पुन्हा हजर. हातात स्पायरल बाइंडिंग केलेली वही. "काका, तुम्ही सांगितले म्हणून छापले. पण डोके तसेच दुखते." मी वही उघडली आणि मलाच घाम फुटला. पैसे वाचवण्यासाठी त्याने कागदाच्या एका बाजूला चार पाने बसवली होती आणि पाठपोट छपाई केली होती. चारशे पाने पन्नास कागदांत! माझी चाळिशी नाकावर असूनही मला एक ओळ धड वाचता येईना.

चूक त्याची नव्हती, माझी होती. मी माध्यम बदलायला सांगितले, कारण शोधलेच नाही.

हिशेब साधा आहे. ही पुस्तके २१ सेंटिमीटर रुंदीच्या पानासाठी, दोन रकान्यांत मांडलेली असतात. मोबाइलचा पडदा जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद. पूर्ण पान पडद्यावर बसवले की अक्षर एक तृतीयांश होते. कागदावर चार पाने एकत्र छापली की ते निम्मे होते. अक्षर लहान झाले की आपण ते डोळ्यांजवळ नेतो. जितके जवळ, तितका डोळ्यांतील स्नायूंवर ताण जास्त. हा ताण काचेवर होतो तसा कागदावरही होतो.

दुसरे कारण पापण्यांचे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. टक लावून वाचताना ही उघडझाप निम्म्याहून कमी होऊ शकते. मग अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. पडद्याकडे पाहताना पापणी बऱ्याचदा अर्धवटच मिटते, म्हणून तेथे त्रास अधिक.

तिसरे कारण मी पहिल्याच दिवशी तपासायला हवे होते. दुसऱ्या भेटीत त्याला भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला, तेव्हा तो खालच्या ओळींत अडखळला. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दोन्ही डोळ्यांना थोडा सिलिंड्रिकल नंबर निघाला. चष्मा लागला आणि आठवड्यात डोकेदुखी बरीच कमी झाली.

मग कागद आणि पडदा यांत फरक नाहीच का? आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, विशेषतः वेळ मर्यादित असताना, असे त्यात दिसले. कथेच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही. नियमांचे पुस्तक हे माहितीपरच. झोपेचेही तसेच. २०१४ साली बोस्टनच्या संशोधकांनी १२ जणांना काही रात्री उजेड देणाऱ्या पडद्यावर आणि काही रात्री छापील पुस्तक वाचायला दिले. पडद्यावर वाचल्यावर झोप सरासरी दहा मिनिटे उशिरा लागली. अभ्यास लहान आहे, आणि दहा मिनिटे म्हणजे काही फार नव्हेत. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याची झोप उजेडापेक्षा त्या जागण्यानेच अधिक बिघडते. पडद्याच्या निळ्या उजेडाने डोळा कायमचा खराब होतो, हा मात्र गैरसमज आहे. त्यासाठी महागडा चष्मा घेण्याची गरज नाही.

माझे मत असे. सगळे पुस्तक छापू नये आणि सगळे मोबाइलवरही वाचू नये. एखादा नियम शोधायचा असेल तर पडद्यासारखी सोय नाही. शब्द टाकला की पान समोर येते, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पण ते काम संगणकावर किंवा मोठ्या टॅबवर, हातभर अंतरावरून करावे. जे पुन्हा पुन्हा लागते, शांतपणे समजून घ्यायचे आहे, अशी वीस-तीस पाने निवडून पूर्ण आकारात छापावीत. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद. आणि डोके वारंवार दुखत असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. हा नियम अभ्यासाच्या नोट्स, स्पर्धा परीक्षेचे साहित्य आणि आजोबांची पोथी यांनाही तितकाच लागू आहे.

परवा वडील रस्त्यात भेटले. "डोळे ठीक झाले हो, पण या खेळाचे काय करायचे?" मी विचारले, "खेळताना घरी कोण कोण येते?" "त्याचे शाळेतले चार मित्र. तीन-तीन तास बडबड चालते समोरच्या खोलीत."

तीन तास चार मित्र समोरासमोर बसून बोलतात, हसतात, बेरजा-वजाबाक्या करतात. एकट्या पडलेल्या तरुण मुलांना मी रोज तपासतो, त्यांना देण्यासाठी याहून चांगले औषध माझ्या कपाटात नाही. मी त्यांना एवढेच सांगितले, "खोलीत एक चांगला दिवा लावा, आणि रात्री अकराला तो बंद करा."