शंभरातला वाटा

रस्त्याच्या कडेने : वाटसरू

'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून…' अपघाताच्या चार फिर्यादी वाचलेल्या माणसाला पुढचे शब्द पाठ असतात. गल्लीत रिव्हर्स घेताना कुणाला धक्का लागलेला असो की महामार्गावर सहा गाड्या एकमेकींवर चढलेल्या असोत, वाक्य हेच. रिव्हर्स गिअरमध्ये भरधाव कसं जायचं हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण फिर्यादीला एक आरोपी लागतो आणि आरोपीला हे वाक्य.

चौकातल्या गर्दीचं शास्त्र याहून सोपं. कार आणि दुचाकी असेल तर कारची चूक. दुचाकी आणि पादचारी असेल तर दुचाकीची. दोन्ही वाहनं सारखीच असली तर मागच्याची. हवालदार पोहोचेपर्यंत निकाल लागलेला असतो आणि 'मिटवून टाका' एवढं सांगून न्यायमूर्ती आपापल्या बसला लटकलेले असतात. त्यातला 'मागून ठोकलं म्हणजे मागच्याची चूक' हा नियम तर आपण ब्रह्मवाक्यच मानतो.

कोइमतूरच्या एका प्रकरणाने त्याला चांगलाच तडा दिला. 7 जानेवारी 2017. अभियांत्रिकीचा विद्यार्थी मित्राला मागे बसवून मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या कारने महामार्गावर अचानक ब्रेक दाबला. हा कारवर आदळून खाली पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. कारवाल्याचं म्हणणं असं, की पत्नी गरोदर होती, तिला उलटी होईलसं वाटलं म्हणून थांबलो.

आता दोषाची वाटणी पाहा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण म्हणालं, बसचे 80 टक्के, मुलाचे 20, कारचं काही नाही. मद्रास उच्च न्यायालयाने कारवर 40, बसवर 30 आणि मुलावर 30 टक्के ठेवले. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : कार 50, बस 30, मुलगा 20. म्हणजे पहिल्या फेरीत जो निर्दोष सुटला, तोच शेवटच्या फेरीत सगळ्यात मोठा वाटेकरी ठरला. रस्ता तोच, टक्कर तीच, कागदही बहुतेक तेच.

हे वाचून 'कोर्टालाच नक्की कळत नाही' म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. 1989 च्या रस्ता नियमावलीत दोन नियम लागोपाठ होते. पुढची गाडी एकाएकी थांबली तरी आपण आदळणार नाही इतकं अंतर मागच्याने ठेवावं, हा एक. सुरक्षेचं कारण नसेल तर कुणीही झटकन ब्रेक मारू नये, हा दुसरा. पहिला आपल्याला ठाऊक असतो, दुसरा आपण वाचलेलाच नसतो. मुलाने पहिला मोडला होता, शिवाय त्याच्याकडे वैध परवाना नव्हता. त्याचे 20 टक्के कुणी माफ केले नाहीत. पण गाड्या वेगाने धावतात त्या महामार्गावर मागच्याला इशारा न देता थांबायला उलटीचं कारण कोर्टाला पुरेसं वाटलं नाही.

आणि हे टक्के नुसते शोभेचे नसतात. भरपाई ठरली सुमारे 1 कोटी 14 लाख रुपये. त्यातून मुलाचा वाटा वजा होऊन हातात 91 लाखांच्या आसपास. एकेक टक्का लाखाहून जास्त किमतीचा. उच्च न्यायालयाचे 30 कायम राहिले असते तर पाय गमावलेल्या पोराचे आणखी सुमारे साडेअकरा लाख गेले असते.

हे टक्के मोजायची फूटपट्टी मात्र कुणाकडे नाही. ब्रेकच्या खुणा किती फूट, काच कुठवर उडाली, बंपर डावीकडून चेपला की उजवीकडून, यावरून अंदाज बांधायचा. दावा न्यायाधिकरणात संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात. नियम मोडला की वाटा ठरलाच, असंही नाही. दुचाकीवर तिघे बसले होते म्हणून कापलेले 10 टक्के सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये एका कुटुंबाला परत दिले, कारण मागून कारने उडवलं त्याच्याशी तिसऱ्या माणसाचा संबंध काय, हे कुणी दाखवू शकलं नव्हतं. म्हणून तर स्पॉट पंचनामा महत्त्वाचा. आणि तो बहुतेक वेळा गाड्या बाजूला ओढल्यावर, चहाच्या टपरीवरचे दोन पंच गाठून लिहिला जातो. गाड्या हलवण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढले, तर दहा वर्षांनी कुणाच्या तरी वाट्याचे पाच टक्के वाचतील. भांडण त्यानंतरही करता येतं.

या वाटणीत एक वाटेकरी मात्र कायम पंगतीबाहेर असतो, तो म्हणजे रस्ता. सप्टेंबर 2022 मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. वेग, मागच्या सीटवर न लावलेला पट्टा, यावर महिनाभर चर्चा झाली. तीन लेनचा रस्ता पुलावर अचानक दोन लेनचा होतो आणि पुलाचा कठडा समोर येऊन उभा राहतो, हेही बोललं गेलं. गुन्हा चालकावर दाखल झाला. रस्त्याचा आराखडा सदोष असेल तर ठेकेदाराला आणि यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करणारं कलम 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलं आहे, 198 अ. कोर्टकचेरीत वावरणाऱ्या ओळखीच्यांना मी अधूनमधून विचारतो, हे कलम लागलेलं कुठे पाहिलंत का? अजून कुणी 'हो' म्हणालेलं नाही.

जाता जाता एक कबुली. दोन पावसाळ्यांपूर्वी एका डिलिव्हरीवाल्या पोराने माझ्या गाडीला मागून ठोकलं. गर्दी अर्थातच माझ्या बाजूची. मीही आवाज चढवला, 'अंतर ठेवायला काय होतं रे तुला?' पोरगा ओशाळला. बंपरचे पंधराशे रुपये त्याने तिथल्या तिथे फोनवरून पाठवले, पाठवताना दोनदा पासवर्ड चुकला. हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा एक तपशील गाळला होता. रस्त्याच्या कडेला मेथीची ताजी जुडी दिसली म्हणून मी ब्रेक दाबला होता, इशारा न देता.

कोइमतूरचा हिशेब लावला तर त्या पोराचे साडेसातशे रुपये माझ्याकडे निघतात. त्याचा नंबर फोनमध्ये अजून आहे, 'बंपर' या नावाने.