वीर्यातले रक्त आणि पापाचा हिशेब

साठीनंतर वीर्यात रक्त दिसले की ते तारुण्यातल्या उधळपट्टीचे फळ समजावे. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो, साठा संपला की कच्चेच रक्त बाहेर पडते. सबब संग सोडावा, सब्जा-गुलकंद घ्यावा आणि वाच्यता करू नये. ज्येष्ठांपुढे आरोग्यावर बोलणारे एक वक्ते हे गावोगाव सांगत फिरतात, आणि समोरची पिकल्या केसांची मंडळी माना डोलावतात, याचा मला संताप येतो.

शंभर थेंबांचे आधी पाहू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. वीर्य रक्त आटवून होत नाही. त्यातला साठ-सत्तर टक्के द्रव मूत्राशयामागच्या दोन वीर्यकोशांतून येतो, उरलेला बहुतेक प्रोस्टेट ग्रंथीतून. वृषणांतून येणाऱ्या शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा. जन्मभर पुरवायचा साठा असा कुठे नसतोच, मग तो संपेल कसा? या ग्रंथींच्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्या असतात. सूज आली, खडा झाला, वाढलेल्या प्रोस्टेटवरची एखादी शीर फुटली, की रक्त त्या द्रवात मिसळते. ताजे असले तर लाल दिसते, आत साचून राहिले असले तर तपकिरी. तपकिरी डागाने माणूस जास्त हादरतो, पण ते नुसते जुने रक्त असते. प्रोस्टेटची बायोप्सी झालेल्यांना तर पुढे कित्येक आठवडे वीर्यात रक्त दिसते. त्यांचा जन्माचा साठा त्या सुईने एका दुपारीच संपवला म्हणायचे काय? वक्ते चरकाचा हवाला देतात. चरकाने चिकित्सास्थानात रक्तमिश्रित शुक्राची कारणे देताना अतिसंगासोबत मार आणि जखम हीही सांगितली आहेत. ती दोन गाळून सोयीचे तेवढे वाचायचे आणि वर ग्रंथप्रामाण्याच्या गप्पा मारायच्या!

हा वाद मराठीत शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेला आहे. हस्तमैथुनाने क्षय होतो, डोळे जातात, असे सांगून तेव्हा पोरांना भेदरवून सोडत, आणि कामविषयावर उघड लिहिणाऱ्याला कोर्टात खेचत. पोरे त्यातून बरीचशी सुटली. आता तीच भीती आजोबांच्या माथी मारायची?

सब्जा-गुलकंदाने अपाय नाही, फक्त महिने जातात. संग सोडल्यावर रक्त दिसत नाही हेही खरे, पण आतले दुखणे होते तिथेच राहते.

मग करावे काय? बहुतेकांत कारण साधे निघते आणि रक्त आपोआप थांबते. मात्र चाळिशीनंतर हे तपासणी करूनच म्हणावे, कारण थोड्या जणांत प्रोस्टेटचा कर्करोग सापडतो. रक्तदाब, लघवी, बोटाने प्रोस्टेटची तपासणी आणि रक्तातले पीएसए हे प्रोस्टेटचे प्रथिन, एवढ्याने सुरुवात होते. नुसत्या सुजेनेही पीएसए वाढते, म्हणून एका आकड्याने धीर सोडू नये. सूज उतरल्यावर ते पुन्हा पाहतात. आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो. रक्त वारंवार येत असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय.

वक्त्यांचा खरा अपराध ‘वाच्यता करू नये’ हा आहे. सत्तरीचा माणूस पहाटे उठून चादरीवरचा डाग मोरीत स्वतः चोळत बसतो आणि बायकोने विचारले तर चहा सांडला म्हणतो. तिला सांगावे. डॉक्टरांकडे जाताना रक्त कधीपासून दिसते, लघवीतही येते का, हे ध्यानात ठेवून जावे. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची चिठ्ठी सोबत न्यावी. त्या गोळीनेही असे रक्त येऊ शकते, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये.