मांजर आडवे गेले आणि…

मांजर आडवे गेले की आपण दोन पावले मागे सरतो. जपानी माणसाची रीत उलटी. तिकडच्या दुकानांत पंजा वर केलेले मातीचे मांजर गिऱ्हाइकांना बोलावीत बसलेले असते. पण एका जित्याजागत्या मांजरीने बुडत्या आगगाडीला उतारू मिळवून दिले, त्याची ही हकिगत.

वाकायामा प्रांतातले किशी हे स्टेशन म्हणजे एकच फलाट आणि एकच मार्ग. वाकायामा शहराहून निघालेली गाडी १४.३ किलोमीटरांवर येथे थांबते, कारण पुढे रूळच नाहीत! वाटेवरच्या देवस्थानांच्या यात्रेकरूंसाठी ही गाडी १९१६ साली सुरू झाली, ती १९३३ मध्ये किशीला पोचली. पुढे घरोघर मोटारी आल्या, उतारू आटले, आणि २००४ मध्ये कंपनीने यातून अंग काढून घेण्याचे ठरविले. गावकऱ्यांनी कंबर कसली, स्थानिक सरकारांनी हात दिला, आणि एप्रिल २००६ मध्ये नवी कंपनी आली. काटकसरीपायी किशीचा स्टेशनमास्तर मात्र गेला.

स्टेशनाशेजारच्या दुकानदारीणबाईंची ‘तामा’ ही तिरंगी मांजरी तिथेच एका खोपटात राहत असे. जागेचा ताबा बदलला आणि खोपटे हलविण्याची पाळी आली. बाईंनी नव्या अध्यक्षांकडे रदबदली केली, ‘हिला स्टेशनात राहू द्या.’ अध्यक्षांनी जागा तर दिलीच. वर ५ जानेवारी २००७ रोजी टोपी चढवून तिला चक्क स्टेशनमास्तर नेमले! पगार काय, तर खाणे. मग तिला पाहायला लांबलांबून माणसे येऊ लागली. आपल्याकडे शिंके तुटले की बोक्याचे फावते. येथे तुटू घातलेले शिंके मांजरीनेच सावरले.

२०१० मध्ये स्टेशनाची नवी इमारत झाली. सालींनी शाकारलेले छप्पर, त्यावर दोन कान. आत उपाहारगृह आणि भेटवस्तूंचे दुकान. २२ जून २०१५ रोजी तामा वारली. निरोपाला सुमारे तीन हजार माणसे लोटली. फलाटावर तिचे छोटे देऊळ उभे राहिले, आणि तिच्या जागी ‘नितामा’, म्हणजे दुसरी तामा, आली.

तरी मांजरीने सारा तोटा गिळला असे समजू नये. मांजर पाहायला आलेला पाहुणा बहुधा एकदाच येतो. गाडी जगते ती रोज शाळेला नि बाजाराला जाणाऱ्या उतारूंवर. गावकऱ्यांनी हे आधीच ओळखले होते. गाडी राहावी असे वाटत असेल तर आधी तीत बसा, हाच त्यांचा एकमेकांना आग्रह होता. टोपी घातलेली मांजरी सर्वांना आठवते. तिकीट काढून निमूटपणे बसलेल्या त्या माणसांचीही आठवण ठेवायला हवी.