विश्लेषण : तीन मिनिटांचे घूर्णवाती वादळ आणि दिल्लीपुढील प्रश्न

नवी दिल्ली : मार्च ते जून या काळात राजधानीत सोसाट्याचा वारा सुटला, धुळीने आकाश काळवंडले की दिल्लीकर त्याला 'आंधी' म्हणून मोकळे होतात. मात्र १७ मार्च १९७८ रोजी, शुक्रवारी सायंकाळी, उत्तर दिल्लीवर जे कोसळले ती नेहमीची आंधी नव्हती. ते टोर्नेडो, म्हणजेच घूर्णवाती वादळ होते. दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातून गेलेल्या या वादळाने २८ जणांचे प्राण घेतले आणि सुमारे ७०० जण जखमी झाले. त्याचा पट्टा अवघा पाच किलोमीटर लांब आणि पन्नासएक मीटर रुंद होता. सारा विध्वंस साधारण तीन मिनिटांत आटोपला.

टोर्नेडोची गल्लत चक्रीवादळाशी होऊ नये. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि किनाऱ्यावर येण्यापूर्वी काही दिवस उपग्रहांना दिसत राहते. टोर्नेडो हा गडगडाटी मेघातून जमिनीपर्यंत उतरणारा, नरसाळ्यासारखा फिरता स्तंभ असतो. उन्हात तापणाऱ्या मैदानावरील वावटळीचा मेघाशी संबंध नसतो. हाच तिच्यातला आणि टोर्नेडोतला मूलभूत फरक होय. पश्चिमी विक्षोभ, खालच्या थरातील दमट हवा आणि उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात व दिशेत होणारा तीव्र बदल हे घटक एकत्र आले, तर उत्तर भारतातही असे मेघ तयार होऊ शकतात.

भारतीय उपखंडाला ही आपत्ती नवी नाही. पश्चिम बंगालमधील गाईघाटा येथे एप्रिल १९८३ मध्ये, तर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातील राजकनिका भागात ३१ मार्च २००९ रोजी घूर्णवाती वादळाने बळी घेतले. मार्च २०२३ मध्ये पंजाबातील फाजिल्का जिल्ह्यात एका गावातील घरे उद्ध्वस्त झाली. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर-सातुरिया परिसरात सुमारे १,३०० जण मृत्युमुखी पडले. जगातील सर्वाधिक जीवघेणा टोर्नेडो म्हणून त्याची नोंद होते. अमेरिकेत १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून गेलेल्या टोर्नेडोत ६९५ जणांचा मृत्यू झाला होता.

अमेरिकेचा अनुभव आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. लोक घाबरतील या भीतीने तेथील हवामान खाते कित्येक दशके अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्दच टाळत असे. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर दोन लष्करी हवामानतज्ज्ञांनी पहिला यशस्वी अंदाज वर्तवला. त्यानंतर धोरण बदलले आणि इशाऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. तरीही मे २०११ मध्ये मिसूरीतील जॉप्लिन शहरात दीडशेहून अधिक लोक दगावले. इशारा मिळूनही अनेकांनी लगेच आसरा घेतला नव्हता.

दिल्लीत आज डॉप्लर रडार आहेत आणि पुढील तीन तासांचे तात्कालिक अंदाज प्रसिद्ध होतात. परंतु पन्नास मीटर रुंदीचा भोवरा रडारवर दर वेळी स्पष्ट दिसेलच असे नाही. त्यामुळे टोर्नेडोचे नेमके ठिकाण आधी सांगण्यापेक्षा तीव्र गडगडाटी वादळाचा इशारा वेळेत लोकांपर्यंत पोहोचवणे, हेच व्यवहार्य उद्दिष्ट ठरते.

शहराचे बदललेले रूप या प्रश्नाची धार वाढवते. १९७१च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ४० लाख होती. २०११ मध्ये ती १ कोटी ६७ लाखांवर गेली. नोएडा, गाझियाबाद आणि गुरुग्रामची दाट वस्ती याहून वेगळी. पत्र्याची छपरे, जाहिरातींचे अवाढव्य फलक, बांधकामांवरील क्रेन आणि उघड्यावर राबणारे मजूर यांच्यासाठी तीन मिनिटेही फार असतात. ३० मे २०२२च्या साध्या वादळातही वाऱ्याने ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठला, शेकडो झाडे उन्मळली आणि जामा मशिदीच्या घुमटावरील कळस तुटला.

दिल्लीला दरवर्षी टोर्नेडोचा धोका आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि, असे घडूच शकत नाही, हा समज १९७८ सालीच खोटा ठरला आहे. भ्रमणध्वनीवर येणारा लाल इशारा पाहून बांधकामावरील क्रेन थांबेल काय, शाळा मुलांना पक्क्या इमारतीच्या आतल्या भागात नेईल काय, फलकाखाली उभा असलेला फेरीवाला तेथून हलेल काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढच्या वेळची जीवितहानी अवलंबून राहील.