बांधींतील नत्र

बपेऱ्याच्या बांध्यांत रोवणी आटोपली, खतही पडलें, तरी कांहीं ठिकाणीं धानाचें पीक फिकट राहतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांची शेती बटईनें आहे, ते अशा वेळीं कसणाऱ्यास दोष देतात. परंतु दोष पुष्कळदां नत्राच्या रूपाचा असतो.

मुळें नत्र मुख्यत्वें दोन रूपांनीं घेतात. अमोनियमवर धनभार असल्यामुळें मातीचे कण त्यास धरून ठेवितात. नायट्रेटवर ऋणभार असल्यानें तें पाण्याबरोबर खालीं झिरपतें. हवेशीर जमिनींत जंतु अमोनियमचें नायट्रेट करितात, व गहूं बहुतांशीं तेंच घेतो. बांधीच्या चिखलांत प्राणवायु नसतो. तेथील जंतु नायट्रेटांतील प्राणवायु हरण करितात आणि नत्र वायुरूपानें निघून जातें. यास्तव धान मुख्यत्वें अमोनियमवर पोसतें.

युरियाचें थोड्याच दिवसांत अमोनियम होतें. पण साचलेल्या पाण्यावर फेकल्यास त्याचा बराच अंश अमोनिया होऊन उडतो. म्हणून पहिला हप्ता चिखलणींतच मातींत मिसळावा. पुढील हप्ते पाणी काढून द्यावे व दुसरे दिवशीं बांधी पुन्हां भरावी. नायट्रेटयुक्त खत पहिल्या हप्त्यास वापरूं नये.

तेव्हां पीक पिवळें दिसतांच कसणाऱ्यावर रागावण्यापूर्वीं आपण एवढेंच विचारावें: खत कोणतें होतें, आणि तें पाण्यावर पडलें कीं चिखलांत?