यंत्रे आली, दुरुस्ती कोण करणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एकच विषय असतो: कॉम्प्युटरला प्रवेश मिळेल का? दुसरीकडे, रुग्णालयाच्या कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेला बंद मॉनिटर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. या दोन गोष्टींचा एकत्र विचार व्हायला हवा, असे आम्हांला वाटते.

केंद्र सरकारने २९ राज्यांतील सरकारी आरोग्य संस्थांमधल्या यंत्रांची मोजदाद केली, तेव्हा २९,११५ ठिकाणी ७,५६,७५० यंत्रे सापडली. किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के यंत्रे बंद होती. त्यावर २०१५ मध्ये राष्ट्रीय देखभाल कार्यक्रम आला. जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, असे त्यात ठरले. कोविडच्या काळात पुन्हा तेच दिसले: व्हेंटिलेटर पोहोचले, पण ते जोडणारी, तपासणारी माणसे सगळीकडे नव्हती.

बिघाड पुष्कळदा लहान असतो. संपलेला ऑक्सिजन सेन्सर, उतरलेली बॅटरी, तुटलेली ईसीजीची वायर, सदोष अर्थिंग. पण म्हणून टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावून भागत नाही. डीफिब्रिलेटर बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. इन्फ्युजन पंपाचे कॅलिब्रेशन चुकले, तर पडद्यावर आकडा बरोबर दिसतो आणि रुग्णाच्या शरीरात औषध कमी-जास्त जाते. इथे दुरुस्ती म्हणजे यंत्र नुसते सुरू करणे नव्हे, ते खरे सांगते आहे याची खात्री करणे.

हे शिकण्याची सोय आहे. आयटीआयमध्ये ‘टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. आपल्या शहरातील एसजीएसआयटीएसमध्ये बायोमेडिकल इंजिनीअरिंगची पदवी घेता येते. अडचण पुढे आहे. सर्व्हिस मॅन्युअल आणि सॉफ्टवेअरचा पासवर्ड पुष्कळदा कंपनीच्याच हाती असतो. मग शिकलेला मुलगाही कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसतो. म्हणून खरेदीच्या करारातच मॅन्युअल, सुटे भाग आणि स्थानिक तंत्रज्ञांचे प्रशिक्षण या अटी असाव्यात. विद्यार्थ्यांना वर्गाबरोबर रुग्णालयातही सक्तीने काम मिळावे.

या क्षेत्रात कंत्राटी नोकऱ्या बऱ्याच आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पालकांनी त्याची चौकशी जरूर करावी. पण हातात कसब असलेल्या मुला-मुलींना आपण ‘मार्क कमी पडले म्हणून आयटीआय’ असे ऐकवतो, ते थांबवू या. मंडळाच्या करिअर मार्गदर्शनात यंदा डॉक्टर आणि इंजिनीअर यांच्या शेजारी रुग्णालयातील एखाद्या तंत्रज्ञालाही बोलवावे, ही आमची सूचना. आपल्या घरातले माणूस त्या यंत्राला जोडलेले असते, तेव्हा आपला सगळा भरवसा त्याच्याच कामावर असतो.